मेकअपचे सामान कधी बदलावे: उघडल्याच्या तारखेपासूनचा हिशेब

लग्नासाठी हौसेने घेतलेला मेकअपचा डबा सोलापुरातल्या अनेक घरांत कपाटाच्या वरच्या कप्प्यात, शालूच्या घडीशेजारी जपून ठेवलेला असतो आणि हळदीकुंकू, बारसे किंवा नात्यातले पुढचे लग्न आले की तो खाली उतरतो. माझ्याकडे पार्लरचे काम शिकायला येणाऱ्या मुलींना मी पहिल्याच दिवशी घरातला असा डबा घेऊन यायला सांगते. चार-पाच वर्षांपूर्वीची लिपस्टिक, तळाशी घट्ट झालेले फाउंडेशन आणि कोणी कधी उघडला हे कोणालाच आठवत नसलेला मस्कारा त्यात हमखास निघतो. सामान महागाचे असते, त्यात आठवणी गुंतलेल्या असतात आणि डबी अर्धी भरलेली दिसते, त्यामुळे ते खराब झाले असेल अशी शंकाही मनात येत नाही. नव्याने मेकअप करू लागलेल्या मुलींना आणि नव्या संसारात असा डबा घेऊन आलेल्या सुनांना आपले सामान स्वतः तपासता यावे, यासाठी ही पद्धत क्रमाने लिहीत आहे.

आधी दोन मुदती वेगळ्या ओळखाव्यात

खोक्यावर छापलेली मुदत ही बंद, न उघडलेल्या आणि बऱ्यापैकी थंड जागी ठेवलेल्या वस्तूची असते. झाकण उघडले की त्या दिवसापासून दुसरी, बहुतेक वेळा पहिलीपेक्षा बरीच लहान मुदत सुरू होते, कारण आत हवा जाते, बोट जाते, ब्रश जातो आणि त्यांच्याबरोबर जंतूही जातात. या दोन मुदतींपैकी जी आधी संपेल ती खरी मानावी. एखाद्या मस्काऱ्यावर पुढच्या वर्षाची तारीख छापलेली असली, तरी तो सहा महिन्यांपूर्वी उघडलेला असेल तर ती तारीख आता उपयोगाची राहिलेली नाही.

सामान खराब होण्याची कारणे मुख्यतः दोन आहेत. ज्यात पाणी असते, म्हणजे द्रवरूप फाउंडेशन, मस्कारा, आयलायनर, क्रीम, त्यात जंतूंची वाढ होऊ शकते. ती रोखण्यासाठी परिरक्षक घातलेले असतात, परंतु वारंवार बोट लागून त्यांच्यावर ताण येतो आणि त्यांची शक्ती कमी होत जाते. ज्यात तेल आणि मेण असते, म्हणजे लिपस्टिक, काजळ, क्रीमरूपी ब्लश, ते हवेमुळे खवट होते. शेंगाचटणीचा जुना डबा उघडल्यावर जो वास येतो, तो आपल्याकडे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. लिपस्टिकमधल्या तेलाचेही नेमके तेच होते.

पहिली पायरी: सगळे सामान उजेडात मांडावे

खिडकीजवळ एक स्वच्छ फिक्या रंगाचा टॉवेल अंथरून घरातले सगळे सामान त्यावर काढावे. पर्समधली लिपस्टिक, ऑफिसच्या ड्रॉवरमधले काजळ आणि स्कूटीच्या डिकीत राहिलेले सनस्क्रीन विसरू नये. ट्यूबलाइटच्या प्रकाशात रंगातला फरक नीट कळत नाही, म्हणून हे काम सकाळीच करावे. डोळ्यांचे, ओठांचे, चेहऱ्याचे आणि नखांचे असे चार ढीग करावेत आणि तपासणी डोळ्यांच्या सामानापासून सुरू करावी, कारण सर्वांत लवकर बाद होणारे आणि सर्वांत जास्त त्रास देणारे सामान तेच असते.

दुसरी पायरी: लेबल पूर्ण वाचावे

आपल्या देशात औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि त्याखालील सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० यांच्यानुसार वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, बॅच क्रमांक, उत्पादन परवान्याचा क्रमांक आणि कोणत्या महिन्या-वर्षापूर्वी वापरावे, ही माहिती असावी लागते. ती कधी ‘यूज बिफोर’ या शब्दांपुढे, कधी ‘एक्स्पायरी’ या शब्दापुढे असते. काही ठिकाणी फक्त उत्पादनाची तारीख आणि त्यानंतर किती महिने चालेल एवढेच दिलेले असते. तेव्हा बोटांवर मोजून तारीख काढावी लागते. ट्यूबच्या चपट्या, दाबून बंद केलेल्या टोकावर आकडे अनेकदा शाई न लावता नुसते उमटवलेले असतात, ते तिरप्या उजेडात दिसतात. लिपस्टिकच्या बुडाशी चिकटवलेली गोल चिठ्ठीही पाहावी.

नवशिक्या मुलींची नेहमीची चूक म्हणजे खोके लगेच फेकून देणे. लहान वस्तूंवर जागा नसल्यामुळे तारीख बऱ्याचदा खोक्यावरच असते, आणि खोके गेले की ती तारीखही जाते. खोके ठेवायचे नसेल तर फेकण्याआधी तारीख आणि बॅच क्रमांक यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

याशिवाय झाकण बाजूला केलेल्या डबीचे एक छोटेसे चित्र शोधावे. त्या चित्रात ६, १२, २४ असा आकडा आणि त्यापुढे इंग्रजी ‘एम’ हे अक्षर असते. उघडल्यानंतर वस्तू इतके महिने वापरावी, असा त्याचा अर्थ आहे. हे चिन्ह युरोपातील नियमांमधून आले असून ३० महिन्यांपेक्षा जास्त काळ बंद टिकणाऱ्या प्रसाधनांवर ते तिथे छापावे लागते. आपल्याकडच्या अनेक वस्तूंवरही आता ते दिसते. परवाना क्रमांकाआधी येणारा ‘एम’ आणि डबीच्या चित्रातला ‘एम’ यांची गल्लत होऊ देऊ नये, कारण पहिल्याचा मुदतीशी काहीही संबंध नाही.

तिसरी पायरी: उघडल्याची तारीख लिहावी

संपूर्ण लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करावी. नवी वस्तू ज्या दिवशी उघडाल, त्याच दिवशी न पुसणाऱ्या मार्करने तिच्या बुडाशी महिना आणि वर्ष लिहावे, आणि अक्षर पुसले जाऊ नये म्हणून त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावावी. मस्काऱ्यासारख्या बारीक नळीवर कागदाची पट्टी गुंडाळून चिकटवता येते. मी उघडल्याची तारीख लिहीत नाही, तर फेकण्याची तारीख मोजून तीच लिहिते, म्हणजे घाईच्या वेळी हिशेब करत बसावे लागत नाही.

जुन्या सामानावर तारीख नाही आणि आठवतही नाही, अशा वेळी त्या सामानाशी जोडलेला प्रसंग आठवून पाहावा: ती लिपस्टिक कोणाच्या साखरपुड्याला घेतली होती, ते काजळ कोणत्या गड्ड्याच्या यात्रेतून आणले होते. वर्ष सापडले तर ठीक. सापडले नाही, आणि वस्तू डोळ्यांची असेल, तर तिचा विचार पुढे करूच नये.

चौथी पायरी: प्रकार पाहून मुदत ठरवावी

वस्तूवर उत्पादकाने दिलेली मुदत असेल तर ती पाळावी. नसेल तर पुढील ठोकताळे उपयोगी पडतात.

मस्कारा उघडल्यापासून ३ महिन्यांत बदलावा. ही मुदत ऐकून मुलींना नेहमी धक्का बसतो, कारण नळी तेव्हा अर्धीही संपलेली नसते. पण मस्काऱ्याचा ब्रश प्रत्येक वेळी पापण्यांवरून फिरून पुन्हा ओलसर, अंधाऱ्या, बंद नळीत जातो. जंतूंना याहून सोयीची जागा मिळणे कठीण. शिवाय ब्रश नळीत वर-खाली मारण्याची सवय हवा आत कोंडते आणि मस्कारा लवकर सुकवते. सुकलेल्या मस्काऱ्यात पाण्याचा थेंब टाकणे, आणि त्याहून वाईट म्हणजे थुंकी लावणे, कधीही करू नये, कारण त्यामुळे परिरक्षक पातळ होतात आणि नवे जंतू आत जातात. मी स्वतः शिकाऊ असताना वर्षभराचा मस्कारा पाणी घालून नात्यातल्या एका लग्नात लावला होता आणि दुसऱ्या दिवशी सुजलेला डोळा घेऊन डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनी औषध लिहिण्याआधी मस्कारा किती जुना आहे हे विचारले आणि मला उत्तर देता आले नाही.

द्रवरूप आयलायनर ३ ते ६ महिने वापरावे. टोक काढता येणारी काजळाची पेन्सिल वर्षभर चालू शकते, कारण प्रत्येक वेळी टोक काढताना वरचा खराब थर निघून जातो, मात्र टोकयंत्रही पुसलेले हवे. फिरवून वर येणाऱ्या काजळाला ही सोय नसते. त्याची मुदत ६ महिन्यांच्या आसपास धरावी आणि वापरल्यावर टोक स्वच्छ कागदाने पुसावे. घरी दिव्यावर धरून तुपात कालवलेल्या काजळात कोणताही परिरक्षक नसतो, ते तूप खवट होते आणि डबीत रोज बोट जाते. त्यामुळे ‘घरचे आहे म्हणजे निर्धोक आहे’ हा समज सोडावा. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत काजळ घालू नये असे डॉक्टर सांगतात, ते ताज्या काजळालाही लागू आहे.

डोळे आले असतील, रांजणवाडी झाली असेल किंवा पापण्यांना खाज सुटत असेल, तर त्या काळात आणि त्याच्या लगेच आधी वापरलेले डोळ्यांचे सगळे सामान, तारीख काहीही असो, टाकून द्यावे. बरे झाल्यावर तेच काजळ पुन्हा लावल्याने त्रास परत येऊ शकतो.

द्रवरूप फाउंडेशन आणि कन्सीलर ६ महिने ते वर्षभर चालतात. पंप असलेली बाटली जास्त टिकते आणि बोट घालावे लागणारी रुंद तोंडाची डबी कमी टिकते. अशा डबीसाठी छोटा चमचा ठेवावा. लिपस्टिक साधारण १ ते २ वर्षे, लिपग्लॉस त्याच्या निम्म्याहून थोडा अधिक काळ. कॉम्पॅक्ट, कोरडे ब्लश आणि आयशॅडो यांत पाणी नसल्यामुळे ती २ वर्षांपर्यंत वापरता येतात, पण त्यावर ओला स्पंज फिरवला की हा फायदा जातो. नेलपॉलिश दोनेक वर्षांत घट्ट होते. त्यात जंतूंची भीती फारशी नसते, ते फक्त नीट लागत नाही.

सनस्क्रीनबाबत मात्र कोणतीही सवलत घेऊ नये. जुने फाउंडेशन चेहऱ्यावर डाग पाडून आपली लबाडी दाखवून देते, पण जुने सनस्क्रीन दिसायला तसेच राहते आणि संरक्षण मात्र कमी झालेले असते. चेहरा आणि मान यांना पुरेसे लावायचे तर दोन बोटांवर काढलेल्या दोन रेघांइतके लागते; या प्रमाणात रोज लावले तर ५० ग्रॅमची ट्यूब दोन महिन्यांच्या आत संपायला हवी. ती वर्षभर पुरली असेल तर मुदतीच्या आधी प्रमाणाचाच विचार करावा.

मेंदीच्या कोनाबद्दलही विचारणा होते. घरी भिजवून भरलेल्या कोनाचा रंग बाहेर ठेवल्यास काही दिवसांतच उतरतो, म्हणून तो फ्रीजरमध्ये ठेवावा आणि लागेल तेव्हाच काढावा. महिनोन्महिने बाहेर टिकणारा आणि काही मिनिटांत काळा रंग देणारा कोन केवळ मेंदीचा नसतो, हे लक्षात ठेवून तो नवरीच्या हाताला लावू नये.

पाचवी पायरी: नाक, डोळे आणि बोट यांची साक्ष घ्यावी

तारीख शिल्लक असली तरी वस्तू आधीच बिघडलेली असू शकते, म्हणून वास, रूप आणि स्पर्श या तिन्हींची तपासणी करावी. लिपस्टिक नाकाजवळ धरल्यावर खवट तेलाचा किंवा जुन्या मेणकांडीसारखा वास आला तर ती बाद झाली. फाउंडेशनवर तेलाचा थर तरंगत असेल तर बाटली चांगली हलवून मनगटावर एक थेंब पसरावा. ते एकसंध झाले आणि रंग पूर्वीसारखाच असेल तर चालेल, पण गुठळ्या राहिल्या, पाणी वेगळे पडले किंवा रंग नारिंगीकडे झुकला तर ठेवू नये. क जीवनसत्त्वाचे सीरम बहुधा रंगहीन किंवा फिक्या पिवळ्या रंगाचे असते. ते गडद तपकिरी झाले म्हणजे त्यातील मुख्य घटकाचे ऑक्सिडीकरण झालेले आहे. बुरशीचा ठिपका दिसला तर तेवढाच भाग खरवडून उरलेले वापरण्याचा मोह टाळावा.

इथे दोन दिलासेही द्यावेसे वाटतात. उन्हाळ्यात लिपस्टिकवर दवासारखे तेलाचे थेंब येतात. वास ठीक असेल तर तो उष्णतेचा परिणाम असतो आणि थेंब टिपून ती वापरता येते. तसेच कॉम्पॅक्टवर जी चकचकीत कडक पापडी धरते ती पफमधून आलेल्या त्वचेच्या तेलाची असते. चिकटपट्टी हलकेच लावून ती काढता येते, आणि खाली पावडर चांगली असेल तर डबी मुदतीपर्यंत वापरावी.

सहावी पायरी: सोलापूरचा उन्हाळा हिशेबात धरावा

प्रसाधने बनवणारे लोक आपला माल लवकर जुना झाल्यावर कसा वागतो हे पाहण्यासाठी त्याचे नमुने साधारण ४० अंश सेल्सिअस तापमानाच्या कपाटात काही आठवडे ते महिने ठेवतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो, म्हणजे जे तापमान वस्तूला मुद्दाम म्हातारी करण्यासाठी वापरले जाते, ते आपल्या दुपारचे नेहमीचे तापमान आहे. तापमान १० अंशांनी वाढले की अशा रासायनिक क्रियांचा वेग सुमारे दुप्पट होतो, असा ढोबळ नियमही आहे. म्हणून पत्र्याच्या छताखालच्या खोलीत किंवा पश्चिमेच्या भिंतीजवळ एक उन्हाळा काढलेल्या द्रव आणि क्रीमरूपी सामानाची उरलेली मुदत मी स्वतः कमी धरते आणि जूनमध्ये पुन्हा एकदा वास घेऊन तपासते.

उन्हात उभ्या असलेल्या स्कूटीच्या डिकीत मेकअप, आणि विशेषतः सनस्क्रीन, अजिबात ठेवू नये. घरात सर्वांत थंड जागा म्हणजे बहुधा आतल्या खोलीतले खालचे, बंद कपाट असते. न्हाणीघरातला आरसा सोयीचा असला तरी तिथली वाफ सामानाला मानवत नाही, आणि पाण्याच्या कूलरच्या झोतासमोर पावडरी उघड्या ठेवल्या तर त्या दमट होतात. सीरमच्या लेबलवर थंड जागी ठेवण्याची सूचना असेल तर ते फ्रीजच्या दारात ठेवावे. पावडर आणि फाउंडेशन मात्र तिथे ठेवू नयेत, कारण थंड डबी बाहेर काढल्यावर तिच्यावर पाणी धरते आणि फाउंडेशन फुटूही शकते.

सातवी पायरी: पफ, स्पंज आणि ब्रश यांचीही मुदत असते

चांगले फाउंडेशन घाणेरड्या स्पंजने लावले तर ते लवकर खराब होते. स्पंज प्रत्येक वापरानंतर आणि ब्रश आठवड्यातून एकदा सौम्य शाम्पूने धुवावेत. आपल्या शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येते, त्यामुळे ‘धुवायला पाणी कुठून आणायचे’ हा प्रश्न खरा आहे, पण या कामाला वाहता नळ लागत नाही. एका वाटीत शाम्पूचे पाणी आणि दोन वाट्यांत साधे पाणी घेतले तर चार-पाच ब्रश निघतात. ते उभे न ठेवता आडवे, वारा लागेल असे वाळवावेत, नाहीतर पाणी दांड्यात उतरून केस गळतात. स्पंज दोन-तीन महिन्यांत बदलावा. दाबल्यावर आत काळे ठिपके दिसले तर त्याच दिवशी.

आठवी पायरी: नवे घेताना मुदत उरली आहे ना ते पाहावे

नवी पेठेत खरेदीला गेल्यावर किंमत विचारण्याआधी तारीख पाहण्याची सवय लावावी. मोठी सूट असलेल्या मालाची मुदत पुष्कळदा जवळ आलेली असते. रोज लागणारे काजळ अशा वेळी घ्यायला हरकत नाही, पण वर्षातून चार वेळा लागणारे फाउंडेशन घेऊ नये. काचेच्या कपाटात रोज ऊन लागणारी आणि दुकानात सगळ्यांनी हात लावलेली नमुन्याची वस्तू विकत घेऊ नये. रंग पाहायचा असेल तर तो हाताच्या मागच्या बाजूला लावून पाहावा, ओठांवर किंवा डोळ्यांवर लावू नये. परदेशी मालावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक असलेले लेबल नसेल तर तो टाळावा. यात्रेतल्या स्टॉलवरून बांगड्या, टिकल्या खुशाल घ्याव्यात, पण ज्यावर तारीख आणि उत्पादकाचे नाव नाही असे काजळ, लिपस्टिक घेऊ नये.

पक्के बिल मागावे. मुदत संपलेला माल विकला गेल्याचे लक्षात आले आणि दुकानदाराने तो बदलून दिला नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर किंवा अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. त्या वेळी बिल आणि बॅच क्रमांकाचा फोटो लागतो.

टाकून देताना

बाद झालेले सामान घरकामाला येणाऱ्या मावशींना किंवा शेजारच्या लहान मुलीला खेळायला देऊ नये. जे आपल्या डोळ्याला चालत नाही ते त्यांच्याही डोळ्याला चालत नाही. लिपस्टिक मोडून, पावडर कागदात ओतून, ट्यूब कापून मगच कचऱ्यात टाकावी, म्हणजे ती उचलून कोणी पुन्हा वापरणार नाही. फाउंडेशन आणि क्रीम मोरीत ओतू नये, जुन्या वर्तमानपत्रात टिपून घ्यावे. नेलपॉलिश आणि ते काढण्याचे द्रव पेट घेणारे असल्यामुळे गॅसजवळ किंवा देवघरातल्या दिव्याजवळ त्यांच्या बाटल्या उघडू नयेत आणि घंटागाडीत देताना त्या झाकण घट्ट लावून वेगळ्या पिशवीत द्याव्यात. डबी सुंदर आहे म्हणून टाचण्या किंवा वाती ठेवायला हवी असेल तर ती गरम पाण्याने धुऊन, वरचे लेबल पूर्ण खरवडून मगच वापरात घ्यावी, म्हणजे पुढे घरातले कोणी तिला क्रीमची डबी समजणार नाही.